अक्का, तो व्हॉल्व्ह मी भरला होता

अक्का, तुला माती देऊन तास झाला नव्हता आणि मी ज्ञानोबाचा दात पाडला. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "कुठला? पुढचा का दाढ?" पुढचा. आपल्या लिंगायतांच्या रुद्रभूमीच्या फाटकापाशी तो दोन-तीन जणांत उभा होता, मी नळावर हात धुऊन येत होतो. मला ऐकू जाईल अशा बेताने तो बोलला, "गेली एकदाची डोळेफोडी. माझ्या मायचा डोळा खाल्ला हिनं." पुढचं नीट आठवत नाही. माझी मूठ त्याच्या तोंडावर बसली, तो फाटकावर आदळला, मी कॉलर धरून पुन्हा हाणलं. चार माणसांनी मला ओढून बाजूला केलं. त्याच्या दाताने माझी बोटं फाटली होती. विधी करणारे स्वामी लांबून ओरडत होते, अरे, आजच्या दिवशी तरी.

भावकी मात्र खूश. भाऊ असावा तर असा, म्हणून दोघांनी पाठ थोपटली. एकाने कुठून तरी हळद आणून माझ्या बोटांवर दाबली. मी हळद लावून घेतली आणि गप्प बसलो. गप्प बसायची मला सव्वीस वर्षांची सवय आहे, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

ज्ञानोबाचा राग खरा होता. फक्त तो चुकीच्या माणसावर होता. त्याच्या आईचा, गयाबाईचा डोळा माझ्यामुळे गेला. हे वाक्य लिहायला मला तू मरेपर्यंत वाट बघावी लागली, आणि याची लाज वाटते म्हणूनच ते आधी लिहून टाकलं.

आता तुझ्याबद्दल लोक बोलतील ते सगळं खोटं बोलतील. मायाळू होती म्हणतील. तू मायाळू नव्हतीस, अक्का. दाजी गेल्यावर शिरूर अनंतपाळच्या स्टँडासमोरचं त्यांचं रिपेअरिंगचं दुकान तू हातात घेतलंस, तेव्हा "बाईमाणसाला मोटार काय कळतीय" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तू पक्कड फेकून मारली होतीस. कान थोडक्यात वाचला त्याचा. मिक्सर दुरुस्तीला आला की आधी त्याला एक चापट, मग आणणारीला चार शिव्या. "ओलं खोबरं कोरडंच फिरवलालीस व्हय गं? तुझ्या पोटात असलं फिरवलं म्हंजे?" बाया ऐकून घ्यायच्या. त्यांना ठाऊक होतं की वस्तू चालू होऊन मिळणार.

कारण पार्ट मिळत नव्हते. लातूरला जावं तर मापाचा मिळायचा नाही, मिळाला तर पंधरा दिवसांनी. तू थांबायचीच नाहीस. ट्रकच्या टायरचं रबर कापून मिक्सरचं कपलर, सायकलच्या स्पोकची कूलरच्या पंपाला दांडी, फुटक्या पितळी नळातून पंख्याचं बुश. कुणाच्या वॉशिंग मशीनचं बटण तू बाभळीच्या लाकडाचं केलं होतंस, ते त्या घरात मशीन भंगारात गेल्यावरही जपून ठेवलं होतं. कानस चालवताना तू दात-ओठ खायचीस. जणू त्या लोखंडाने तुझं काही वाकडं केलं होतं. मी लातूरच्या आयटीआयमधून कागद घेऊन तुझ्या हाताखाली आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला वाटायचं की मला सगळं येतं. तू एकदा माझं सर्टिफिकेट बघून म्हणालीस, "बरं हाय. पत्रा गळला तर ठिगळ लावाया हुईल."

त्या व्हॉल्व्हबद्दल सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. कुकरच्या झाकणावर शिट्टीच्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्हची एक छोटी पितळी गोळी असते, तिच्या भोकात मऊ धातू भरलेला असतो. शिट्टीचं तोंड तुंबलं, आतलं पाणी आटलं की तो धातू वितळतो आणि वाफ तिथून फस्सकन निघून जाते. बाईला वाटतं कुकर बिघडला. खरं तर कुकरने तिला वाचवलेलं असतं. तू जुन्या गोळ्या पुन्हा भरून द्यायचीस. कथील, शिसं आणि आणखी एक तिसरं काही तरी, ते तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. दर मिश्रणाची एक गोळी भरून, तारेला बांधून दुकानातल्या छोट्या कढईत, गरम तेलात सोडायचीस आणि सोबत एक भजं. भजं लाल व्हायच्या आत धातू वितळला तर मिश्रण पास, मग त्याच मिश्रणाने बाकीच्या गोळ्या भरायच्या. भजं आधी लाल झालं तर सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. ते भजं तू स्वतः पायाखाली चिरडायचीस, चुकून कुणी खाऊ नये म्हणून. मी याला अडाणीपणा म्हणायचो. आज सांगतो, कुठल्याही कंपनीची माणसं यापेक्षा जास्त काळजी घेत असतील असं मला वाटत नाही.

गयाबाई वसतिगृहात साठ पोरांचा स्वयंपाक करायची. तिच्या मोठ्या कुकरची गोळी एका महिन्यात तीनदा उडाली. डाळीचा फेस शिट्टीत अडकायचा आणि ती शिट्टी धुवायची नाही. तिसऱ्या वेळी तू उदगीरला लग्नाला गेली होतीस. ती भर बाजारात दुकानासमोर उभी राहून मला म्हणाली, "तुझ्या अक्काला बलीव. तुला काय येतंय, थुंकी लावून देतूस." चहाच्या टपरीवरचे सगळे हसले. माझं डोकं फिरलं. ती झाकण ठेवून गेल्यावर मी भट्टी लावली आणि त्या गोळीत पितळ ओतलं. चांगलं घट्ट, कानशीने घासून, चकचकीत केलं. आता उडून दाखव, असं मी मनात म्हणत होतो. गयाबाई नव्हे, गोळीच माझी दुश्मन झाली होती. कढई कोपऱ्यात तशीच पडलेली. पितळ वितळायला ते तेल काय, अख्खी भट्टी लागते. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मीच तर ते नुकतंच वितळवलं होतं.

आठ दिवसांनी सकाळी कुकर फुटला. पोरं शाळेत गेली होती, एवढं एक बरं झालं. झाकण गयाबाईच्या तोंडावरून जाऊन छताचा पत्रा फाडून गेलं. डावा डोळा जागीच गेला आणि गालाची कातडी उकळत्या वरणाने सोलली.

दुपारी ज्ञानोबा दोन चुलतभावांना घेऊन आला. बावीस वर्षांचा असेल तेव्हा. आईला लातूरच्या दवाखान्यात टाकून तो थेट आला होता, शर्टावर वरण आणि रक्त वाळलेलं. त्याने झाकण टेबलावर आदळलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कुणी भरला ह्यो?" तू झाकण उचललंस. उजेडात धरलंस. गोळीच्या पोटात पिवळं दिसत होतं. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "म्या भरला. लग्नाला जायच्या आदी भरून ठेवलता. ह्यो नुसता देणारा."

त्यांनी तुझा उजवा हात ऐरणीवर दाबला. तुझाच हातोडा घेतला. मी गल्ल्यामागे स्क्रू-ड्रायव्हर धरून उभा होतो, अक्का, तो माझ्या मुठीत इतका घट्ट होता की दुसऱ्या दिवशी तळहाताला वळ होते. मला तीन पावलं टाकायची होती किंवा दोन शब्द बोलायचे होते. तू ओरडलीस ती एवढंच, "मन्या, आत जा." आणि मी आत गेलो. आतून दोन्ही घाव ऐकले. पहिल्याला तू आवाज केलास, दुसऱ्याला केला नाहीस.

ते गेल्यावर तू हाताला फडकं गुंडाळलंस, डाव्या हाताने पंख्याची दांडी उचललीस आणि मला फोडून काढलंस. पाठ, पोटऱ्या, डोकं झाकलं तर कोपरं. मला वाटलं होतं तू विचारशील की तोंड का नाही उघडलंस. तू ते विचारलंच नाहीस. प्रत्येक घावाला एकच प्रश्न. "तेलात टाकलतास का? सांग. तेलात टाकलतास का?" मी न्हाई म्हणायचो आणि पुन्हा दांडी पडायची. दमलीस तेव्हा खाली बसलीस. म्हणालीस, "दुकान माझं हाय. दुकानातून जे गेलं ते माझ्याच हातचं. तू नांदेडला जा. कुठं तरी नोकरीला लाग. परत हितं हत्याराला हात लावलास तर तुझी बोटं मी तोडीन." मी संध्याकाळच्या गाडीने निघालो. शर्ट पाठीला चिकटला होता म्हणून टेकून बसता येईना, नांदेडपर्यंत पुढे वाकून बसलो.

गावातल्या चार मोठ्या माणसांनी मिटवामिटवी केली. गयाबाईच्या घरच्यांनी तक्रार दिली नाही, तूही बोटांबद्दल "पडले" म्हणून सांगितलंस. ती दोन बोटं कधी नीट वळलीच नाहीत. तू सायकलच्या ट्यूबचा आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीचा एक खोळ शिवलीस, ती बोटांत घातली की पक्कड धरता यायची. स्वतःच्या हातालाही तू घरीच पार्ट बनवलास.

आणि मी काय झालो? नांदेडला एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लागलो. खिशावर नाव शिवलेला शर्ट, सीलबंद पाकिटातले पार्ट. मी जगाला सांगत सुटलो की ओरिजिनलच घ्या, लोकल लावू नका. सर्वांत जास्त तुला. दर दिवाळीला आपलं भांडण ठरलेलं. मी तुझ्या टायरच्या कपलरला नावं ठेवायचो आणि तू जे हातात असेल ते फेकायचीस, एकदा अख्खी उटण्याची वाटी माझ्या कपाळावर आली होती. "ओरिजिनल म्हंजे काय रं? पयला बी कुणी तरी हातानंच केला असंल की. आभाळातून पडला व्हता का?" मला तुझ्या या वाक्याचं उत्तर कधी देता आलं नाही, म्हणून मी आवाज चढवायचो.

एक दिवाळी सांगायलाच हवी. तू नांदेडला आमच्या घरी आली होतीस. ऑफिसातले माझे साहेब फराळाला आलेले. त्यांच्यासमोर मला शहाणपण सुचलं. मी म्हणालो, "हिला किती सांगतो साहेब. असल्या घरगुती पार्टनं माणसं मरतात, डोळे जातात." डोळे जातात, हे शब्द माझ्या तोंडून निघाले. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिला काही माहीत नव्हतं, ती नुसती हसली. मी तुझ्याकडे बघितलं. तुझ्या हातात काचेचा पेला होता. मी मनातल्या मनात डोकं बाजूला केलं. तू पेला खाली ठेवलास. उजवा हात पदराखाली घेतलास. डाव्या हाताने चकली मोडून खाल्लीस आणि साहेबांना म्हणालीस, "खरं हाय त्याचं."

अक्का, त्या दिवशी तू पेला माझ्या तोंडावर फोडायला हवा होतास. एका वाक्यात तू मला नागडा करू शकली असतीस, तिथे आणि त्याआधीच्या प्रत्येक दिवाळीत, आणि मला ते ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं. सव्वीस वर्षं तू ते वाक्य तोंडात धरून बसलीस. लोक याला प्रेम म्हणतील. मला तर कधी कधी वाटतं तो सूड होता. पंख्याच्या दांडीचे वळ महिन्याभरात गेले, हे गेलं नाही. मी तुझ्यावर चिडलो आहे आणि तुझ्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटतं. यातलं एक खरं आणि एक खोटं, असं मला करता येत नाही.

जायच्या आठवडाभर आधी आपण फोनवर कूलरच्या पंपावरून भांडलो. मी नेहमीचं सांगितलं. तुझा धापा टाकल्यासारखा श्वास ऐकू येत होता. मग म्हणालीस, "बरं. तुझंच खरं. ठेव." तू हार मानलीस तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुझी तब्येत बरी नाही.

पाचव्या दिवशी मी गयाबाईच्या घरी गेलो. घरातून निघताना बायकोला सगळं सांगितलं. तिने माझ्या हाताचं फडकं बदललं. ज्ञानोबाने दार उघडलं. त्याचा ओठ टोमॅटोसारखा सुजला होता. त्याला वाटलं मी माफी मागायला आलो, तो म्हणाला, "जाऊ दे आता, मयत माणसाचं काय." मी म्हणालो, मला तुझ्या आईशी बोलायचं आहे.

गयाबाई ओसरीत बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. लग्न, टपरीवरचं हसणं, भट्टी, पितळ, सगळं. मध्ये कुठे थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. बोलून झाल्यावर ज्ञानोबाने मला भिंतीवर आपटलं. डोकं खुंटीवर लागलं. त्याने मारायला हात उचलला आणि तो हात तिथेच राहिला. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. "म्हंजे मी त्या बाईची…" एवढं म्हणाला आणि मला सोडून खाली बसला. त्याची काही चूक नव्हती, असं मी म्हणालो असतो, पण ते म्हणायचा हक्क मला नव्हता.

गयाबाई उठली. सत्तरीपुढची बाई, भिंतीला धरून आली. दोन थपडा मारल्या. पहिली जोरात बसली, दुसरीला तिचा तोल गेला, मी धरायला हात पुढे केला तर तिने तो झटकला. म्हणाली, "सव्वीस वर्सं तिला शिव्या घातल्या म्या. सकाळी तोंड धुताना ह्या खोबणीत पाणी गेलं की पयली शिवी तिला. तिचं निपटान होवो, तिच्या हाताला किडे पडोत. दुकानावरून जाताना थुंकायचे. ती बघायची आन खाली मान घालायची. ते समदं आता कुठं नेऊ रं?" तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ते स्वतःच्या डोळ्यासाठी नव्हतं. मग ती म्हणाली, "मला तिच्याकडं ने."

मी तिला घेऊन रुद्रभूमीत आलो. ज्ञानोबा मागून येत होता, तो फाटकाबाहेरच थांबला. तुझ्यावरची माती अजून ओलसर आहे, बेलाची पानं वाळून काळी पडली आहेत. गयाबाई खाली बसली, दोन्ही हात मातीवर ठेवले. सव्वीस वर्षं तुझ्याशी एकच भाषा बोललेली बाई, तिने दुसरी कुठून आणावी. शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्या शिव्या म्या माघारी घेते, बाई. समद्या घेते."

मग उठली. लुगड्याची माती झटकली. माझ्याकडे तोंड करून, त्या एका डोळ्याने बघत म्हणाली, "तुला मात्र उद्या सकाळपासून."

मी म्हणालो, "व्हय."